आईला इंजेक्शन, बाळाचा श्वास आणि बाळाची झोप

१/ बोईसरलगतचे सालवड हे तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील गाव. तेथील एखाद्या स्त्रीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, तर तिला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात : ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, ४ वेळा. औषध आईला, उपयोग बाळाला. त्याचा हा इतिहास.

२/ १९६९. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांच्या प्रसूतीचा अभ्यास करीत होते. गर्भात स्टिरॉइड मिळालेली अपुऱ्या दिवसांची कोकरे अपेक्षेपलीकडे श्वास घेत राहिली. १९७२ मध्ये लिगिन्स व रॉस हॉवी यांनी गरोदर स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. बाळांचे श्वसनविकार घटले होते.

३/ त्याआधी, १९६६ मध्ये, हॉवर्ड रॉफवर्ग व सहकाऱ्यांनी दाखवले होते की नवजात बाळाची निम्मी झोप चंचल असते; मिटल्या पापण्यांआड डोळे हलत असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे प्रमाण अधिक. मेंदूची घडण याच झोपेत होत असावी, असा त्यांचा तर्क होता.

४/ १९९० च्या दशकात हे दोन धागे जुळले. नेदरलँड्समधील संशोधकांना आढळले की बीटामेथासोन या स्टिरॉइडनंतर गर्भाची हालचाल दोन-तीन दिवस मंदावते व पुढे पूर्ववत होते. झटके टाळण्यासाठी दिलेले मॅग्नेशियम सल्फेटही वारेतून बाळापर्यंत पोहोचते. काही बाळे त्यामुळे सुस्त जन्मतात. बाळ निपचित पडले असेल, तर ती झोप, औषधाचा परिणाम की जंतुसंसर्ग? आईच्या औषधांची नोंद हाती नसेल, तर हे ओळखणे कठीण.

५/ जून २०१४ : केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी हे इंजेक्शन देण्याचे काम एएनएमपर्यंत नेले. १ ऑगस्टला पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ऑक्टोबरमध्ये सहा देशांतील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नागपूर व बेळगाव तिची केंद्रे होती. सुमारे एक लाख जन्मांच्या या चाचणीत, जेथे औषधाचा प्रसार केला तेथे नवजात मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ निघाले.

६/ इंजेक्शन मिळालेल्या अनेक स्त्रियांची प्रसूती मुळी अकाली नव्हतीच. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत सोनोग्राफीने दिवस निश्चित करून तेच डेक्सामेथासोन दिले गेले. तेव्हा मृत्यू घटले.

७/ औषध तेच होते. फरक पडला तो दिवसांच्या अचूक मोजणीने आणि जन्मानंतरच्या देखभालीने. सालवडच्या गरोदर स्त्रीच्या कार्डावरील शेवटच्या पाळीची तारीख, पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी आणि दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची वेळ यांचे मोल त्यामुळेच औषधाइतके आहे. तिला दुसऱ्या रुग्णालयात हलवले, तर ते कार्डही तिच्यासोबत गेले पाहिजे.