घमेले, वीट आणि पगार

व्युत्पत्तीचा निर्णय कोशात होत असला, तरी तिच्याविषयीचे कुतूहल बहुधा मित्रांच्या गप्पांतच जागे होते. 2017 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या धायरीत बांधकामे पाहत चालताना 'मजुराने घमेल्यातून विटा वाहिल्या आणि पगार घेतला' असे वाक्य कोणाच्याही तोंडी सहज येईल. त्यावर गप्पांतला पहिला तर्क ठरलेला: घाम गाळावयास लावते ते घमेले! तर्क रसाळ आहे. परंतु शब्द पोर्तुगीज 'गामेला' म्हणजे लाकडी पात्र यावरून आलेला. 'पगार' हे त्याच भाषेतील 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद. मराठीत त्याचे नाम झाले. 'मजूर' फारसी, आणि त्याच्या मुळाशी 'मुझ्द' म्हणजे वेतन. 'वीट' मात्र संस्कृत 'इष्टके'ची प्राकृतातून आलेली कन्या. तिचा चेहरा आईशी जुळत नाही. तेव्हा ध्वनिसादृश्य हा पुरावा नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. त्यांचा 'महापौर' रुळला. 'घमेल्या'ला मात्र पर्याय रुळला नाही. पदाचे नाव ठरावाने बदलते. हातातील वस्तूचे नाव वस्तूबरोबर, श्रमाबरोबर टिकते. म्हणून शब्दाचे कुळ शोधावे ते इतिहास कळावा यासाठी. त्याचे मराठीपण ठरते ते वापराने.