आवडीची मोजदाद : कर्जत-खालापूरचा श्रोता आणि दशकाची निवड

संगीतरसिकांनी एखाद्या दशकातील आपल्या आवडत्या ध्वनिमुद्रिका निवडाव्यात, त्यांची क्रमवारी लावावी आणि त्या क्रमावरून हिरिरीने वाद घालावेत, या व्यवहाराकडे समीक्षेने आजवर हौसेचा भाग म्हणूनच पाहिले आहे. ही उपेक्षा काहीशी चमत्कारिक म्हणावी लागेल. कारण दशकाच्या चौकटीत विचार करण्याची सवय मराठी समीक्षेलाही पुरेपूर जडलेली आहे. ‘साठोत्तरी’, ‘नव्वदोत्तरी’ या संज्ञा वरकरणी कालदर्शक असल्या, तरी प्रत्यक्षात त्या मूल्यदर्शक म्हणूनच वापरल्या जातात. एखादी कविता साठोत्तरी आहे असे म्हणताना तिचे केवळ प्रकाशनवर्ष सांगितले जात नाही. तेव्हा रसिकाची दशकवार यादी आणि समीक्षकाचा कालखंड यांत जातीचा भेद नाही, अधिकाराचा आहे. हा अधिकार कसा घडतो, हे पाहावयाचे तर यादीत काय आहे यापेक्षा आवड मोजण्याची यंत्रणा कोणाच्या हाती होती आणि त्या यंत्रणेपर्यंत कोणाचा हात पोचत होता, हे आधी विचारावयास हवे.

हा प्रश्न कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात विचारण्याचे कारण भौगोलिक आहे. बोरघाटाच्या पायथ्याचा हा प्रदेश मुंबई आणि पुणे यांच्या वाटेवर वसलेला आहे. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून दोन शहरांमधील माणसे, माल आणि बातम्या येथूनच जातात. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीस सुरू झाले, पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. मुंबईत १९२७ मध्ये नभोवाणी सुरू झाली. ज्या शहरातून गाणे प्रक्षेपित होत होते, त्या शहराला उजेड पुरविणाऱ्या डोंगराच्या कुशीतील ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या मात्र त्यानंतरही कित्येक दशके अंधारात होत्या. कुलाबा जिल्ह्याचे १९८१ मध्ये रायगड झाले, तेव्हाही या विसंगतीत फारसा फरक पडलेला नव्हता. गाण्याच्या इतिहासात विजेच्या तारांचा हिशेब कशाला, अशी शंका कोणी घेईल. परंतु यंत्राधारित श्रवणाचा इतिहास तारा, परवाने आणि टपाल यांना वगळून लिहिताच येत नाही. रेडिओ बाळगण्यासाठी पोस्टातून परवाना काढावा लागे. ऐंशीच्या दशकात ही पद्धत रद्द होईपर्यंत श्रोता असणे ही सरकारदरबारी नोंदविण्याची बाब होती.

आता ‘अल्बम’ या एककाविषयी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. मराठी भावगीताचा आटोपशीर घाट या मर्यादेशी किती निगडित आहे, याची चर्चा वेगळी व्हावयास हवी. येथे एवढेच नोंदवावयाचे की मराठी श्रोत्याच्या आवडीचे एकक दीर्घकाळ सुटे गाणे हेच राहिले. दीर्घवादन तबकडी आल्यावरही ती विकत घेणारा वर्ग लहान होता. इतरांना ती भेटे ती रेडिओवरून, एकेका गाण्याच्या रूपात. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘आपली आवड’ या कार्यक्रमाच्या नावात ‘आपली’ हे सर्वनाम आहे, आणि आवड मात्र एकेका फर्माइशीची आहे. त्यामुळे पाश्चात्त्य रसिक ज्या अर्थाने दशकातील दहा अल्बम निवडतो, त्या अर्थाचा व्यवहार मराठीत शोधू गेल्यास निराशा पदरी येते. तो वेगळ्या रूपांत शोधावा लागतो.

त्यातील सर्वांत प्रबळ रूप मराठी नव्हते, आणि भारताच्या हद्दीतही नव्हते. १९५२ मध्ये बा. वि. केसकर हे पुण्यात जन्मलेले गृहस्थ केंद्रीय नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या प्रसारासाठी त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली. त्यांची कळकळ खरी होती. परंतु अभिरुची वरून खाली झिरपते, या गृहीतकावर ती उभी होती. श्रोत्याने त्यावर कोणताही युक्तिवाद केला नाही; त्याने रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांनी ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली. आरंभी सात गाणी वाजवून श्रोत्यांनी ती कालक्रमाने लावावीत, असे स्पर्धेचे स्वरूप होते. पहिल्याच भागाला सुमारे नऊ हजार पत्रे आली, आणि काही महिन्यांत हा ओघ आठवड्याला साठ हजारांच्या पुढे गेला. एवढ्या पत्रांची छाननी अशक्य झाली, तेव्हा स्पर्धेची जागा लोकप्रियतेच्या क्रमवारीने घेतली. क्रमवारीचा जन्म सौंदर्यविचारातून झाला नाही, टपालाच्या ओझ्यातून झाला, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

क्रम ठरविण्याचे निकष दोन : दुकानांतील तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची पत्रे. गावोगावच्या श्रोतासंघांची मते पुढे त्यांत धरली जाऊ लागली. ‘पायदान’ हा शब्द या कार्यक्रमाने घराघरांत नेला. ठरावीक आठवडे यादीत टिकलेल्या गाण्याला ‘सरताज’ म्हणून सन्मानाने निरोप देण्याची प्रथा त्याने पाडली. वर्षअखेरीची यादी ऐकून ती वहीत उतरवून ठेवणारे श्रोते महाराष्ट्रात गावोगाव होते. या वह्या म्हणजे एक प्रकारचे स्वयंसंपादित वाङ्मयेतिहासच होत. कोणते गाणे कोणत्या वर्षी कितव्या पायरीवर होते, याचे उत्तर त्यांतून मिळे, आणि ते उत्तर प्रमाण मानले जाई.

ॲडोर्नोने १९३८ च्या निबंधात यांत्रिक श्रवणामुळे ऐकण्याची शक्तीच मागे जाते, असा निष्कर्ष काढला होता. ओळखीचे असणे हीच गुणवत्ता ठरते, हे त्याचे निरीक्षण गीतमालेला लागू पडते, नाही असे नाही. परंतु त्याचा श्रोता केवळ ग्राहक आहे. गीतमालेचा श्रोता पत्र लिहीत होता, संघ स्थापन करीत होता, निकालाशी भांडत होता. याउस याने १९६७ मध्ये मांडलेली अपेक्षाक्षितिजाची संकल्पना येथे अधिक उपयोगी ठरते. फक्त तिला एक पुरवणी जोडावी लागते. क्षितिज दिसण्यासाठी माणसाला कोठेतरी उभे राहावे लागते, आणि उभे राहण्याच्या जागा समाजात सारख्या वाटलेल्या नसतात. पत्र लिहावयाचे तर अक्षरओळख हवी. १९६१ च्या जनगणनेनुसार देशातील अनुसूचित जमातींमध्ये साक्षरतेचे प्रमाण ८.५३ टक्के होते. तबकडी विकत घ्यावयाची तर ग्रामोफोन हवा. म्हणजे विक्री आणि टपाल हे दोन निकष एकत्र आले की कर्जतच्या बाजारपेठेतील दुकानदार किंवा खोपोलीच्या कारखान्यातील कारकून मोजला जातो, आणि त्याच बाजाराला मोळी घेऊन येणारी ठाकरीण मोजली जात नाही. तिला आवड नव्हती असे म्हणण्यास मात्र कोणताही आधार नाही.

मोजण्याची दुसरी रीत संभवत होती, हे त्याच दशकाने दाखविले आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, चर्चा करावी आणि मंडळाच्या वतीने एकाने अभिप्राय लिहून पाठवावा, अशी त्याची योजना होती. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. येथे निरक्षर शेतकऱ्याचे मतही नोंदले गेले. मात्र विषय होता शेतीसुधारणेचा. गावाने गाण्याविषयीही असेच एकत्रित मत द्यावे, ही कल्पना कोणाला सुचली नाही. शेतीविषयी शेतकऱ्याला विचारावे, संगीताविषयी त्याला शिकवावे, अशी ही विभागणी आहे.

सुट्या गाण्याच्या या राज्याला मराठीत पहिला मोठा अपवाद झाला तो ‘गीतरामायणा’चा. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची छप्पन गीते प्रसारित झाली. श्रोत्याने येथे एक गाणे निवडले नाही. त्याने एक संहिता वर्षभर अनुसरली. वृत्तपत्रांनी गीते छापली, आणि श्रवण व वाचन यांची सांगड पडली. आख्यानाची, पारायणाची जुनी सवय नव्या यंत्राला अशी जोडली गेली. मराठीतील पहिला ‘अल्बम’ तबकडीवर अवतरण्यापूर्वीच अशा रीतीने हवेत सिद्ध झाला होता, असे म्हणण्यास हरकत नसावी.

दुसरे उदाहरण या परिसराच्या अगदी जवळचे, आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ही कादंबरी १९६५ ची. ठाकरांच्या जीवनावरील या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये चित्रपट केला. गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, निर्मिती उषा मंगेशकरांची. कथेचा डोंगर कर्नाळ्याचा, म्हणजे खालापूरच्या शेजारचा. सत्तरच्या दशकातील मराठी ध्वनिमुद्रिकांची निवड करावयास बसलेला रसिक या चित्रपटाच्या गाण्यांना सहसा वगळत नाही, आणि ते योग्यही आहे. कथा, निसर्ग आणि स्वर यांचे इतके एकजीव रूप मराठी चित्रपटसंगीतात क्वचितच आढळते. परंतु ही निवड करताना नेमके काय निवडले जाते? महानोर अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेड्याचे कवी. त्यांच्या मराठवाडी बोलीचा गंध, मंगेशकरी स्वररचना आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील ठाकरी जीवन यांच्या मीलनातून ही गाणी साकारली. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मांडल्या आहेत. त्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘जैत रे जैत’ हे जनसंगीताने आदिम संगीताची कल्पना करून निर्माण केलेले काव्य आहे. ल. ना. चापेकर यांनी १९६० मध्ये ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ या ग्रंथात ठाकरांचा समाजशास्त्रीय अभ्यास मांडला होता. त्या ठाकराला मराठी रसिकाच्या यादीत जागा मिळाली ती मात्र पात्र म्हणून. श्रोता म्हणून तो यादी करणाऱ्यांत नव्हता. हा महानोरांचा किंवा मंगेशकरांचा दोष नव्हे. दोष असलाच तर तो या गाण्यांना ‘आदिवासी संगीत’ म्हणून स्वीकारणाऱ्या मध्यमवर्गीय श्रवणाचा आहे.

कॅसेट आली आणि ही घडी विस्कटली. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी बाजारात आणल्या, तेव्हा हिज मास्टर्स व्हॉइसची जुनी मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या स्थित्यंतराचे तपशीलवार विवेचन आहे. महाराष्ट्रात त्याचा एक विशेष आविष्कार झाला तो ‘कॅसेट भरून घेणे’ या क्रियेतून. गिऱ्हाईकाने कागदावर गाण्यांची यादी लिहावी, कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट दुकानदाराकडे द्यावी आणि दोन दिवसांनी आपली निवड घेऊन जावी. १९८४ च्या कायदेदुरुस्तीने चोरट्या ध्वनिमुद्रणाला जबर शिक्षा सांगितली, तरी हा व्यवहार थांबला नाही. कायद्याच्या दृष्टीने तो अपहार होता. समीक्षेच्या दृष्टीने ते संपादन होते. दोन्ही बाजूंना मिळून बारा-चौदा गाणी मावणार, म्हणजे काही गाळावे लागणार, कशानंतर काय यावे हे ठरवावे लागणार. एका बाजूला अभंग आणि दुसऱ्या बाजूला लावणी अशी विभागणीही त्यात चाले. क्रमवारी नव्हे, अनुक्रम हे या निवडीचे तत्त्व होते. गीतमालेची वही उतरवून घेणारा श्रोता दुसऱ्याने लावलेला क्रम जपत होता. कॅसेट भरून घेणारा स्वतःचा लावीत होता. भीमगीतांचा श्रोतृवर्ग तर याही पुढे गेला. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लागणाऱ्या विक्रीकेंद्रांतून त्याने स्वतःची बाजारपेठच उभी केली, आणि प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाचे मोल तेथे कोणत्याही पायदानाची वाट न पाहता ठरले.

तथापि कॅसेटलाही पैसा आणि यंत्र लागतेच. कर्जत-खालापूर पट्ट्यात निवडीची याहून जुनी एक रीत चालत आली आहे. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. तेराव्या शतकातील महदाइसेच्या ‘धवळ्यां’शी या प्रकाराचे नामसाम्य केवळ योगायोगाचे नाही, विवाहप्रसंगीच्या गेय रचनेची ती एकच दीर्घ परंपरा आहे. कोणत्या विधीला कोणता धवला, हे ठरलेले असते. निवडीचा वाव आहे तो विस्तारात. कोठे रेंगाळावयाचे, कोणाचे नाव गुंफावयाचे, काय आवरते घ्यावयाचे हे धवलारीण समोरच्या बायांच्या प्रतिसादावरून ठरवते. ठाकरांच्या कांबड नाचातही फेर धरणाऱ्यांनी उचलून धरले ते गाणे लांबते, नाही धरले ते विरून जाते. येथे आवड मोजली जात नाही; ती गाण्याच्या लांबीतच उतरते. पुढच्या वर्षी जे पुन्हा गाइले जाते ते निवडले गेले, एवढाच निकष.

नव्वदनंतर हळदीच्या गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या, आणि धवलारणीच्या शेजारी बेंजो पथक येऊन उभे राहिले. दोहोंतील संघर्ष जुन्या-नव्याचा म्हणून रंगविला जातो, पण तो तितका सरळ नाही. हळदीच्या रात्री बेंजोवर कोळीगीत, चित्रपटगीत आणि एखाद्या धवल्याची चाल एकापाठोपाठ वाजते; फर्माईश करणारा मांडवातलाच असतो, आणि पसंती नाचणाऱ्यांच्या पायांनी कळते. गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ मध्ये थांबली. काही वर्षांनी तिचे अल्पकाळ पुनरुज्जीवनही झाले. तिच्या वार्षिक याद्या पुढे सयानी यांच्या निवेदनासह ‘गीतमाला की छाँव में’ या नावाने ध्वनिसंचांच्या रूपात विक्रीला आल्या, आणि यादीचाच अल्बम झाला. मांडवातली यादी कोणी लिहून ठेवीत नाही. वऱ्हाड उठेपर्यंत ती बदलत राहते.