महाराष्ट्रातील ज्यू विद्यार्थ्यांचे शिक्षण-साहाय्य

महाराष्ट्रातील ज्यू (यहुदी) विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मिळणारे आर्थिक साहाय्य दीर्घकाळ समाजाच्या वर्गण्या व परदेशी ज्यू संस्थांची अनुदाने यांवर अवलंबून होते. २०१६ पासून त्यात राज्य शासनाच्या अल्पसंख्याक योजनांची भर पडली. २०११ च्या जनगणनेत भारतात ४,६५० ज्यूंची नोंद झाली. त्यांपैकी २,४६६ महाराष्ट्रात होते. यांतील बहुसंख्य मराठी भाषक बेने इस्रायल असून त्यांचे मूळ वास्तव्य कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात होते.

इतिहास

बेने इस्रायलांच्या आधुनिक शिक्षणाचा आरंभ मिशनरी शाळांत झाला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले, ते प्रामुख्याने याच समाजासाठी. परंतु धर्मांतराचा हेतू बाळगणाऱ्या शाळेत आपला धर्म शिकावा लागणे समाजातील जाणत्यांना खटकत होते. यातूनच हाइम सॅम्युएल केहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायलाइट स्कूल ही शाळा काढली. तेथे मराठी, इंग्रजी व हिब्रू शिकविली जाई. तेलाचे घाणे सोडून मुंबईस आलेल्या, सैन्यात वा कचेरीत कनिष्ठ नोकरी करणाऱ्या कुटुंबांना शुल्क परवडत नसे. त्यामुळे लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनचे अनुदान शाळेला मोठा आधार ठरले. पुढे हाँगकाँग-शांघाय येथील व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे माझगावातील या शाळेला त्यांचे नाव मिळाले. बगदादी ज्यूंच्या मुलांसाठी ससून घराण्याने भायखळ्यास स्वतंत्र शाळा चालविली.

उच्च शिक्षणाला मात्र समाजाबाहेरील निधीच उपयोगी पडला. डॉ. जेरुशा झिराड यांनी टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर लंडन गाठले. तेथे त्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, जी तोवर कोणा स्त्रीस मिळाली नव्हती. त्या पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. १९५१ मध्ये सुमारे २६ हजार असलेला देशातील समाज झपाट्याने घटला आणि वरील शाळांत अन्यधर्मीय विद्यार्थ्यांचे बाहुल्य झाले. १९६० च्या दशकात मुंबईत आलेल्या 'ओआरटी' या संस्थेने व्यवसाय-प्रशिक्षणावर भर दिला.

शासकीय योजना

महाराष्ट्र शासनाने जून २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे उच्च व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी असलेल्या राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्तीस ज्यू विद्यार्थी पात्र ठरतात. अर्ज 'महाडीबीटी' संकेतस्थळावर करावयाचा असतो. केंद्राची स्थिती वेगळी आहे. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियमाखाली मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी व (२०१४ पासून) जैन हेच समाज अधिसूचित असल्याने केंद्रीय अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या ज्यूंना लागू होत नाहीत. म्हणजे एकच विद्यार्थी मुंबईत अल्पसंख्याक आणि दिल्लीच्या लेखी नव्हे, अशी विचित्र अवस्था निर्माण होते. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे ऐकून धर्म ओळखता येत नाही. म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची नोंद येथे विशेष महत्त्वाची ठरते.

ज्यू अभ्यास

मुंबई विद्यापीठात हिब्रूला एकोणिसाव्या शतकातच स्थान होते. जोसेफ इझेकिएल राजपूरकर (जन्म १८३४) हे तेथे हिब्रूचे परीक्षक होते. त्यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. सध्या दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात हिब्रू शिकविली जाते. इस्रायल सरकारच्या शिष्यवृत्त्या भारतीय विद्यार्थ्यांना संशोधन व भाषाशिक्षणासाठी उपलब्ध असून त्यांस धर्माची अट नाही. केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेला बेने इस्रायलांचा इतिहास १९३७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, तेल अवीव येथे छापला गेला. बेने इस्रायलांची मराठी कीर्तने, प्रार्थनाग्रंथ व नियतकालिके हा या अभ्यासाचा सर्वांत समृद्ध, तरीही सर्वांत कमी हाताळलेला भाग होय. त्यासाठी मराठी व हिब्रू या दोन्ही भाषा येणारा अभ्यासक लागतो.