सागरकिनारी प्रतिकृती-रेल्वे मांडणी

सागरकिनारी प्रतिकृती-रेल्वे मांडणी म्हणजे समुद्रकिनारा, बंदर किंवा खाडी यांच्या परिसरातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाची, ठरावीक प्रमाणात लहान करून उभारलेली चालती प्रतिकृती होय. प्रतिकृती-रेल्वेच्या छंदात अशा संपूर्ण देखाव्याला ‘लेआउट’ म्हणतात. घरगुती मांडणी एका खोलीत कायम राहते. प्रदर्शनीय मांडणी मात्र तुकड्यांत सुटी करता येते, वाहनातून परगावी नेता येते आणि तेथे काही तासांत जोडून दिवसभर प्रेक्षकांसमोर चालवता येते. हा छंद युरोप, उत्तर अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया येथे प्रचलित आहे. सागरकिनारी मांडण्यांची परंपरा विशेषतः ब्रिटनमध्ये ठळक दिसते. तेथील किनारी शाखामार्गांपैकी अनेक मार्ग विसाव्या शतकात बंद झाल्यामुळे या मांडण्यांना करमणुकीबरोबरच स्मृतिजतनाचेही मूल्य आले आहे.

इतिहास

लंडन येथील ‘मॉडेल रेल्वे क्लब’ ही संस्था १९१० साली स्थापन झाली. या क्षेत्रातील ती सर्वांत जुनी संस्था मानली जाते. सुरुवातीच्या काळात रसिकांचे लक्ष मुख्यतः इंजिने, डबे व रूळ यांवर असे. भोवतालचा भूप्रदेश गौण मानला जाई. जॉन अहर्न यांच्या ‘मॅडर व्हॅली रेल्वे’ या मांडणीने ही दृष्टी बदलण्यास मोठा हातभार लावला. १९३०च्या दशकात आकारास येऊ लागलेल्या या काल्पनिक मार्गावर गाव, दरी व गिरणी यांच्याबरोबर ‘मॅडरपोर्ट’ नावाचे बंदरही होते. रेल्वे ही भूदृश्याचाच एक भाग आहे, हा विचार त्यातून रूढ झाला. अहर्न यांच्या मृत्यूनंतर ही मांडणी ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालयात जतन करण्यात आली. हे संग्रहालय रॉय इंग्लंड यांनी १९५४ साली स्थापन केले. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील नष्ट होत चाललेली घरे व जीवनपद्धती प्रतिकृतींच्या रूपाने नोंदवून ठेवणे हा त्यांचा हेतू होता.

विषयाची निवड

मांडणीचा विषय प्रत्यक्षातील असू शकतो किंवा काल्पनिक. प्रत्यक्षातील विषयांत इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डॉलिश हे ठिकाण प्रसिद्ध आहे. अभियंता इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल यांच्या योजनेनुसार बांधलेला हा मार्ग १८४६ साली खुला झाला. एका बाजूस लाल वालुकाश्माचे कडे, दुसऱ्या बाजूस संरक्षक भिंत आणि तिच्या पायथ्याशी समुद्र अशी येथील रचना आहे. फेब्रुवारी २०१४मधील वादळात ही भिंत फुटून रूळ अधांतरी लोंबकळू लागले. दोन महिन्यांच्या दुरुस्तीनंतर मार्ग पुन्हा सुरू झाला.

दुसरे उदाहरण हॅम्पशायर परगण्यातील हेलिंग बेटाच्या शाखामार्गाचे आहे. १८६७ साली प्रवाशांसाठी खुला झालेला हा मार्ग लँगस्टन येथे लाकडी पुलावरून खाडी ओलांडत असे. जहाजांना वाट देण्यासाठी या पुलाचा एक भाग फिरता ठेवलेला होता. पूल हलका असल्याने त्यावरून विल्यम स्ट्राउडली यांनी रचलेली ‘टेरियर’ जातीची छोटी इंजिनेच चालत. पुलाच्या दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाल्याने १९६३ साली मार्ग बंद झाला. आज त्या मार्गाच्या जागी पायवाट व सायकलवाट असून खाडीत पुलाच्या खांबांचे अवशेष दिसतात. छोटी इंजिने, आखूड गाड्या आणि पाण्यावरील पूल यांमुळे असे मार्ग मर्यादित जागेतील मांडणीस सोयीचे ठरतात.

काल्पनिक विषयात स्थळ कल्पित असले तरी काळ, प्रदेश व रेल्वे कंपनी निश्चित करावी लागते. घरांचा दगड, सिग्नलची घडण, बोटींचा प्रकार व डब्यांचा रंग परस्परांशी जुळल्याशिवाय देखावा विश्वसनीय वाटत नाही.

प्रमाण व गेज

मूळ वस्तू व प्रतिकृती यांच्या आकारांच्या गुणोत्तरास प्रमाण म्हणतात, तर दोन रुळांमधील अंतरास गेज म्हणतात. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ पद्धतीत प्रमाण १:८७ व गेज १६.५ मिलिमीटर असते. ब्रिटनमध्ये ‘ओओ’ पद्धत रूढ आहे. तिचे प्रमाण १:७६.२ असले तरी गेज १६.५ मिलिमीटरच असते. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान असल्याने त्या काळातील विद्युत मोटारी १:८७च्या प्रतिकृतीत बसेनात. म्हणून रूळ तसेच ठेवून वरील भाग मोठा करण्याची तडजोड झाली. १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाण गेजसाठी १:७६.२ मध्ये वास्तविक १८.८३ मिलिमीटर अंतर हवे. काटेकोर कारागीर तेवढ्या अंतराचे रूळ स्वतः तयार करतात. ‘एन’ पद्धतीत गेज ९ मिलिमीटर असून ब्रिटिश प्रतिकृतींचे प्रमाण १:१४८ असते.

किनाऱ्याच्या देखाव्यास विस्तार आवश्यक असल्याने प्रमाणाची निवड महत्त्वाची ठरते. एक किलोमीटर लांबीचा मार्ग १:७६.२ मध्ये सुमारे १३ मीटर, तर १:१४८ मध्ये सुमारे ६.८ मीटर जागा घेतो. बहुतेक मांडण्यांत एवढीही जागा नसते. म्हणून स्थानक, पूल व धक्का यांसारखे ओळखीचे भाग ठेवून मधले अंतर कमी केले जाते.

बैठक व जोड

मांडणीचा पाया प्लायवूडच्या चौकटींचा असतो. त्यांना बेसबोर्ड म्हणतात. सुमारे १.२ मीटर लांब व ०.६ मीटर रुंद चौकट दोन माणसांना उचलता येते व मोटारीत मावते. दोन चौकटी दर वेळी नेमक्या त्याच जागी जुळाव्यात म्हणून धातूच्या खुंट्या व बोल्ट वापरतात. जोडावरील रुळांची टोके पितळी स्क्रूंना किंवा तांब्याचा पत्रा चढवलेल्या स्लीपरांना झाळून पक्की करतात. अन्यथा वाहतुकीत रूळ वाकतात.

समुद्रभाग रुळांच्या पातळीपेक्षा खाली असल्याने सपाट फळी उपयोगी पडत नाही. उघडी चौकट करून रूळ उंच पट्टीवर व समुद्रतळ खालच्या फळीवर बसवतात. चौकटींमधील जोडरेषा जमिनीवर कुंपण, गटार किंवा रस्त्याच्या कडेने लपवता येते. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावर ती लगेच नजरेस येते. त्यामुळे अनुभवी कारागीर लाटारोधक बांध, धक्क्याची भिंत किंवा बोटी उतरवण्याचा उतार नेमका जोडावर येईल असा आराखडा आधीच आखतात.

समुद्राचे स्थान व भरती-ओहोटी

समुद्र पुढे ठेवावा की मागे, हा आराखड्यातील मूलभूत प्रश्न आहे. समुद्र पुढे असल्यास प्रेक्षक जणू पाण्यातून किनाऱ्याकडे पाहतो. मागील बाजूस कडे, घरे व डोंगर येत असल्याने दूरचे दृश्य रंगवणे सोपे जाते. समुद्र मागे असल्यास पार्श्वपटावर क्षितिजरेषा रंगवावी लागते. प्रत्यक्षात क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर दिसते. ते पार्श्वपटावर खाली रंगवले, तर समुद्र पलीकडे उतरल्यासारखा भासतो. त्यासाठी मांडणी बरीच उंच, साधारणतः छातीच्या पातळीवर ठेवतात. दूरची जहाजे लहान प्रमाणात करून खोलीचा भास वाढवता येतो.

यानंतर भरतीची स्थिती ठरवावी लागते, कारण बाकीचे सारे तपशील तिच्यावर अवलंबून असतात. भरती व ओहोटी यांतील पातळीचा फरक ४ मीटर असल्यास १:७६.२ मध्ये तो सुमारे ५२ मिलिमीटर भरतो. ओहोटी दाखवायची तर बोटी चिखलात कललेल्या, नांगराचे दोर सैल आणि धक्क्याचे खांब भरतीच्या रेषेपर्यंत शेवाळाने हिरवे हवेत. भरती दाखवायची तर याच बोटी सरळ तरंगताना व दोर ताणलेले दिसले पाहिजेत.

पाणी, वाळू व खडक

प्रतिकृतीत खरे पाणी सहसा वापरत नाहीत. पाण्याचा पृष्ठताण, थेंबांचा आकार व लाटांची गती प्रमाणात लहान होत नाही. त्यामुळे टेबलावरील पाणी समुद्रासारखे न दिसता थाळीतल्या पाण्यासारखे दिसते. बाष्पीभवन व विद्युत उपकरणांना असलेला धोका या अडचणी वेगळ्याच. हॅम्बुर्ग येथील ‘मिनिआटुर वुंडरलँड’ या कायमस्वरूपी प्रदर्शनातील स्कँडिनेव्हिया विभाग हा प्रसिद्ध अपवाद आहे. तेथे सुमारे ३०,००० लिटर खऱ्या पाण्यात जहाजे चालतात व भरती-ओहोटीही दाखवली जाते.

फिरत्या मांडणीत पाण्याचा भास रंग व चकाकी यांतून निर्माण करतात. प्रथम प्लास्टर किंवा लांबीने लाटांचा उठाव घडवतात. त्यावर किनाऱ्याजवळ वाळकट हिरवा व खोल भागात गडद निळा-राखाडी असे रंग एकमेकांत मिसळत लावतात. शेवटी चकाकणाऱ्या वार्निशाचे अनेक हात देतात. १.५ मीटर उंचीची लाट १:७६.२ मध्ये केवळ २० मिलिमीटर भरते, हे न पाळल्यास शांत बंदरातही वादळ आल्यासारखे वाटते. डबकी व शांत पाण्यासाठी दोन द्रव्ये मिसळून घट्ट होणारे रेझिन ओततात. ते घट्ट होताना उष्णता निर्माण होते. जाड थर एकदम ओतल्यास तडे जातात. म्हणून काही मिलिमीटर जाडीचे थर एकामागून एक देतात. बारीक फटीतूनही रेझिन गळत असल्याने सर्व कडा आधी बंद कराव्या लागतात. हवेशीर जागा व हातमोजे आवश्यक असतात.

वाळूच्या बाबतीतही प्रमाणाचा प्रश्न येतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण १:७६.२ मध्ये ३८ मिलिमीटरचा गोटा ठरतो. त्यामुळे पुळण खऱ्या वाळूने न करता मऊ लांबी व रंगाने करतात. खरी बारीक वाळू गोट्यांच्या किनाऱ्यासाठी उपयोगी पडते. पाण्यालगतची वाळू गडद व किंचित चकाकती ठेवतात. खडक कोरीव पॉलिस्टायरीन, झाडाची साल किंवा साच्यातील प्लास्टर यांपासून करतात. गवताचे कृत्रिम तंतू स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने उभे चिकटवता येतात.

विद्युत व्यवस्था व संचालन

इंजिनांना रुळांतून साधारणतः १२ व्होल्ट एकदिश विद्युतप्रवाह दिला जातो. १९९०च्या दशकात अमेरिकेतील ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ने अंकीय नियंत्रणाची मानके स्वीकारली. या पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र क्रमांक असल्याने एकाच रुळावरील दोन इंजिने वेगवेगळी चालवता येतात.

पार्श्वपटामागे ‘फिडल यार्ड’ नावाचा लपवलेला भाग असतो. तेथे गाड्या थांबवतात, बदलतात व उलट फिरवतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी १:७६.२ मध्ये सेकंदाला सुमारे २२ सेंटिमीटर सरकते. या गतीने ५ मीटरचा देखावा ओलांडण्यास सुमारे २३ सेकंद लागतात. गाडी याहून वेगाने पळवल्यास ती खेळण्यासारखी वाटते. तर बराच वेळ काहीच न हलल्यास प्रेक्षक पुढे जातो. त्यामुळे चालकांसाठी गाड्यांचा क्रम लिहून ठेवतात. रुळांवर धूळ साचून वीजपुरवठा तुटतो, सांधे अडतात. म्हणून रूळ पुसण्याचे साहित्य, हत्यारे व जादा इंजिन हाताशी ठेवले जाते.

भारत व महाराष्ट्र

पुण्यातील कोथरूड भागात १९९८ साली सुरू झालेले ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ हे भारतातील या छंदाचे प्रसिद्ध केंद्र आहे. तेथील मांडणी फिरती नसून कायमस्वरूपी आहे.

भारतीय किनाऱ्याची प्रतिकृती करताना गेजचा प्रश्न उभा राहतो. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर असून १:८७ मध्ये त्याचे माप १९.३ मिलिमीटर येते. बाजारात सहज मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असल्याने बहुधा तडजोड करावी लागते. मीटरगेजचे माप मात्र ११.५ मिलिमीटर येते व युरोपातील अरुंद मार्गांसाठी बनवलेले १२ मिलिमीटरचे रूळ त्याच्या बरेच जवळ आहेत. मुरगाव बंदराची जुनी रेल्वे किंवा १९१४ साली खुला झालेला पांबन पूल हे विषय त्यामुळे सुकर ठरतात. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग किनाऱ्यापासून आत असल्याने तिच्या प्रतिकृतीत खुल्या समुद्रापेक्षा खाड्या, जांभ्याचे डोंगर व उंच पूल यांना प्राधान्य येते. रत्नागिरीजवळील पानवल पूल ६४ मीटर उंच आहे. १:८७ मध्ये तो सुमारे ७४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण टेबलाएवढा उंच होतो.

महत्त्व व मर्यादा

किनारी मार्गांची मूळ कागदपत्रे, नकाशे व छायाचित्रे विखुरलेली असतात. मांडणी उभारताना ती एकत्र करावी लागतात. स्थानकाच्या मागची बाजू किंवा धक्क्याची उंची यांसारख्या दुर्लक्षित गोष्टी शोधाव्या लागतात. बंद झालेल्या मार्गावर धावलेली गाडी आजच्या विद्यार्थ्याला अशा मांडणीतच चालताना पाहता येते. छायाचित्रात एकच क्षण व एकच बाजू दिसते. मांडणीत गाडीची गती, पुलाची लांबी व गावाची रचना यांचा परस्परसंबंध कळतो.

तथापि मांडणी हा इतिहासाचा निर्विवाद पुरावा नव्हे. आखूड केलेली अंतरे, तडजोडीचे गेज आणि अनुमानाने भरलेले तपशील तिच्यात असतातच. कोणता भाग पुराव्यावर आधारलेला व कोणता कल्पित हे माहितीफलकावर नमूद केल्यास तिचे संदर्भमूल्य वाढते. शिवाय या मांडण्या स्वतःही अल्पायुषी असतात. वारंवार वाहतुकीने त्या झिजतात, रेझिन पिवळे पडते, ठेवण्यास जागा उरत नाही आणि निर्मात्यानंतर अनेक मांडण्या मोडल्या जातात. ‘मॅडर व्हॅली’सारख्या मोजक्याच मांडण्यांना संग्रहालयाचा आसरा मिळाला. म्हणून मांडणीचे आराखडे, मोजमापे व छायाचित्रे स्वतंत्रपणे जपून ठेवणे हा निर्मितीचाच भाग मानला पाहिजे.

हेही पहा

कोकण रेल्वे
पांबन पूल
मीटरगेज