'रेड टेल्स'मधला क्लब आणि खरा क्लब

जॉर्ज लुकासने निर्मिलेला 'रेड टेल्स' (२०१२) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. दुसऱ्या महायुद्धात इटलीतून लढलेल्या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय वैमानिकांची गोष्ट. गोरा नायक नाही म्हणून स्टुडिओ पैसा घालायला तयार होईनात, शेवटी लुकासने पदरचे घातले. हे त्यानेच सांगितलंय. विमानांची धुमश्चक्री झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण एक धागा मला खटकला. एक कृष्णवर्णीय वैमानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबात शिरतो, शिवी ऐकतो, ठोसा लगावतो. पुढे हे लोक बॉम्बर विमानं वाचवतात, तेव्हा तेच गोरे त्यांना क्लबात बोलावून प्यायला घालतात. म्हणजे काय, तर मर्दुमकी दाखवा, दार आपोआप उघडेल!

इतिहास इतका सोपा नव्हता हो.

१९२५ साली अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजने अहवाल लिहिला होता. त्यात कृष्णवर्णीय माणूस जन्मतःच बुद्धीने आणि धैर्याने कमी, असं ठरवून टाकलं होतं. राजकीय दबाव आला म्हणून १९४१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं, तेसुद्धा 'प्रयोग' म्हणून. पहिल्या तुकडीत १३ जण होते, मार्च १९४२ मध्ये ५ उत्तीर्ण झाले. त्यातला एक बेंजामिन डेव्हिस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षं कामापुरतं सोडून त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. खोलीत एकटा, जेवायला बसला तरी सगळे गप्प. तरी १९३६ ला २७६ जणांत ३५ वा आला.

१९४३ मध्ये त्याची ९९ वी स्क्वाड्रन लढाईत उतरली. काही महिन्यांतच वरच्या गोऱ्या कर्नलचा अहवाल गेला: यांच्यात आक्रमकपणा नाही. डेव्हिसला वॉशिंग्टनला जाऊन समितीपुढे बाजू मांडावी लागली. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत आन्झिओच्या आकाशात याच स्क्वाड्रनने दोन दिवसांत जर्मनांची १२ विमानं पाडली.

त्यांच्याबद्दल एक दंतकथा आहे, की त्यांच्या पहाऱ्यातलं एकही बॉम्बर शत्रूला पाडता आलं नाही. वर्षानुवर्षं भाषणांत, बातम्यांत हे चाललं. (आम्ही पत्रकार मंडळी तर असं वाक्य सोडतच नाही.) पुढे हवाई दलाच्याच डॅनियल हॉलमन या इतिहासकाराने जुने कागद तपासले. २७ बॉम्बर गेली होती. त्याच पंधराव्या एअर फोर्समधल्या बाकी लढाऊ गटांची सरासरी होती ४६. म्हणजे खरा आकडाही उत्तमच! पण काळ्या माणसाच्या बाबतीत 'उत्तम' पुरेसं वाटत नाही. त्याला शंभरपैकी शंभर मिळाले तरच तो पास, नाहीतर १९२५ चा अहवाल आहेच.

आता खऱ्या क्लबाकडे येऊ. २४ मार्च १९४५ ला लाल शेपटीच्या विमानांनी बर्लिनपर्यंत जाऊन जर्मनांची तीन जेट विमानं पाडली. त्यानंतर बाराच दिवसांनी, ५ एप्रिलला, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फ्रीमन फील्ड तळावर काय चाललं होतं बघा. तिथे ४७७ वा बॉम्बर गट होता, वैमानिक कृष्णवर्णीय, वरिष्ठ गोरे. क्लब दोन. कमांडर कर्नल सेल्वेने शक्कल लढवली. वर्णाचा शब्दही न काढता एक क्लब 'प्रशिक्षकांचा', दुसरा 'प्रशिक्षणार्थींचा' ठरवला. आणि कृष्णवर्णीय तेवढे सगळे प्रशिक्षणार्थी!

त्या रात्री ते गटागटाने गोऱ्यांच्या क्लबाच्या दारात गेले. ठोसा नाही, आरडाओरडा नाही. त्या आणि दुसऱ्या दिवशी मिळून ६१ अधिकाऱ्यांना अटक झाली. मग सेल्वेने नियम छापून आणला: वाचला, समजला, अशी सही करा. १०१ जणांनी नकार दिला. युद्धकाळात वरिष्ठाचा थेट हुकूम मोडणं हा मृत्युदंडापर्यंत नेणारा गुन्हा, हे माहीत असूनही. त्यातला एक कोलमन यंग, पुढे डेट्रॉइटचा महापौर झाला.

मला विचाराल तर चित्रपट यावर व्हायला हवा होता. पण सही न करणाऱ्या माणसाला पडद्यावर दाखवायचं कसं, हाही प्रश्नच आहे म्हणा.

गाजावाजा झाला, १०१ जणांना सोडलं. पण ठपक्याची पत्रं फायलीत राहिली. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद बंद करण्याचा आदेश काढला, तरी ती पत्रं तिथेच. रॉजर टेरी या तरुण अधिकाऱ्यावर तर दारात एका गोऱ्या अधिकाऱ्याला धक्का दिला म्हणून खटला चालला, १५० डॉलर दंड झाला. १९९५ मध्ये, म्हणजे ५० वर्षांनी, हवाई दलाने ही पत्रं फायलींतून काढायला सुरुवात केली. टेरीची शिक्षा रद्द झाली आणि दंडाचे ते १५० डॉलर त्याला परत मिळाले.