चित्र खरे, पण कोणत्या सालचे?

नालवाडीत बोलायला उभे राहिले की मनात पहिल्याने सूत येते. १९३४ साली येथे ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. कातणाराच्या मजुरीवर माणसाचे पोट भरते की नाही, हा त्या काळी वादाचा प्रश्न होता. विनोबांनी त्यावर कोणाचे मत मागविले नाही. ते स्वतः कातायला बसले आणि त्या मजुरीवर राहून पाहिले. गुंडी म्हणजे ६४० तार. तार कमी भरले, तर ती गुंडी नव्हे; मग कातणारा कितीही थोर असो. आजचा विषय चित्रपटाच्या नोंदीचा आहे, परंतु सांगायचे आहे ते या मोजणीविषयीच.

मराठीत आंतरजालावरचा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ पासून चालू आहे. त्यात कोणीही लिहू शकतो. ही सोय मोठी, आणि जबाबदारीही तेवढीच. छापील ग्रंथातली चूक ग्रंथातच राहते. आंतरजालावरची चूक दहा ठिकाणी उतरून घेतली जाते, आणि पुढे त्या दहा ठिकाणांचाच पुरावा म्हणून दाखला दिला जातो. साक्षीदार दहा दिसतात; बोललेला मात्र एकच असतो.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ घ्या. तो केव्हा दाखविला गेला? कोणी २१ एप्रिल १९१३ लिहितो, कोणी ३ मे. दोघांत भांडण लावण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला. दुसऱ्या दिवशी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला. ‘प्रदर्शित’ या शब्दाने आपण काय म्हणतो, एवढे ठरविले की वाद मिटतो.

‘पहिला’ हा शब्द त्याहून अवघड. त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ लागला होता. मग पहिला मान कोणाचा? ‘पुंडलिक’ म्हणजे रंगभूमीवरच्या नाटकाचे केलेले चित्रण. कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली. फाळक्यांनी आपले चित्र पडद्यासाठीच रचले आणि त्याची सारी प्रक्रिया येथे, घरच्या माणसांच्या हाताने केली. नोंद लिहिणाराने हे दोन्ही सांगावे. एकाचा मान राखण्यासाठी दुसऱ्याचे नाव झाकणे हा इतिहास नव्हे.

आता चित्राकडे वळू. ‘राजा हरिश्चंद्र’ची नोंद लिहून झाली, की शेजारी त्यातले एखादे दृश्य घालावेसे वाटते. दृश्य सहज मिळते आणि खाली ‘१९१३’ असे लिहून लेखक मोकळा होतो. परंतु फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केली होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेली, आपण आज पाहतो ती रिळे त्या दुसऱ्या चित्राची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्याला आपण आपल्या चित्रपटाचा पहिला चेहरा म्हणतो, तो कदाचित चार वर्षांनंतरचा आहे!

येथे कायद्याची हरकत नाही. चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. १९१३ धरा की १९१७, तो केव्हाच संपला आहे. चित्र वापरायला आपण मोकळे आहोत, पण त्याखाली हवे ते साल घालायला मोकळे नाही. हक्क संपतो, सत्याची जबाबदारी संपत नाही.

याची उलट बाजूही पाहा. ‘श्यामची आई’ १९५३ सालचा. १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यालाच मिळाले. साल पक्के आहे, शंका नाही. साठ वर्षांच्या हिशेबाने चित्रपटाचा हक्क २०१३ अखेर संपला. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या पुस्तकावरचा हक्क २०१० अखेर संपला. परंतु आचार्य अत्रे १९६९ साली गेले. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वसंत देसाई १९७५ साली गेले. त्यांच्या संगीताचा २०३५ अखेरपर्यंत. चित्रीकरणाच्या वेळी कोणी वेगळे छायाचित्र काढले असेल, तर त्याचा हिशेब आणखी निराळा. २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचा काळही छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात. एका चित्रपटात असे अनेक धनी नांदतात. ‘जुने आहे, चालेल’ हे उत्तर त्यांतल्या एकालाही लागू पडत नाही.

म्हणून प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी काढले, केव्हा काढले, आपल्या हाती कोठून आले? गंमत अशी, की वस्तुस्थिती तपासायला जे प्रश्न लागतात, तेच हक्क तपासायलाही लागतात. उत्तर अपुरे राहिले, तर चित्राखाली तसे लिहावे: ‘१९१३ च्या चित्रपटातील म्हणून प्रसिद्ध, १९१७ च्या आवृत्तीतील असण्याचा संभव.’ त्यात नोंदीला कमीपणा नाही.

फाळक्यांच्या बहुतेक मूकपटांचे रीळ आज उरलेले नाही. उरल्या आहेत त्या जाहिराती, छायाचित्रे आणि कागद. आपल्यापैकी कोणाच्या पेटीत सिनेमाची जुनी गाण्यांची पुस्तिका किंवा हस्तपत्रक असेल, तर ते कोठून आले, कोणी दिले, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. ते माणूस आहे तोवरच हे काम होणारे आहे. मागाहून नोंद लिहिणाऱ्याला एवढी चिठ्ठी सापडली, तर गुंडीतला एक तार तरी नक्की भरेल.