काचेची पेटी आणि आईची कूस

‘बाळाला काचेत ठेवलंय.’ हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, जेमतेम दीड किलोचं बाळ म्हटलं की दवाखान्यातली काचेची पेटी डोळ्यांपुढे येते. असं बाळ घरी सांभाळायचं, हे ऐकूनच धस्स होतं. पण ही पेटी सुमारे १४० वर्षांपूर्वीची आहे. त्याआधी सगळीच बाळं घरी सांभाळली जात, आणि नाजूक बाळं बहुधा दगावत. मग पेटी आली, बाळं वाचू लागली. पुढे पुन्हा काही जणांनी बाळाला घरी आणलं. पण या वेळी हातात तापमापक, वजनकाटा आणि आकडेवारी होती. हा प्रवास विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे.

आधी एक साधा प्रयोग करून पाहा. एक मोठं आणि एक लहान असे एकाच धातूचे दोन पेले घ्या. दोन्हींत सारखंच गरम पाणी काठोकाठ भरा आणि दहा मिनिटांनी तापमान मोजा. लहान पेला जास्त निवलेला आढळेल. उष्णता पृष्ठभागातून बाहेर जाते आणि वस्तू जितकी लहान, तितका तिच्या वस्तुमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. नवजात बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त असतं. त्यातून लवकर जन्मलेल्या बाळाच्या त्वचेखाली चरबीचा थर नसतो आणि शरीर तापवणारी खास तपकिरी चरबीही अपुरी असते. म्हणजे भांडं लहान, झाकण पातळ आणि चुलीत लाकडंही कमी!

आता दुसरा भाग. लहान पेला फडक्यात गुंडाळा. तो सावकाश निवेल, पण निवेलच. कारण फडकं उष्णता देत नाही, फक्त तिची वाट अडवतं. तोच पेला ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवला, तर मात्र पातेल्यातल्या पाण्यापेक्षा खाली उतरत नाही. टोपडं, कुंची आणि दुपटं म्हणजे फडकं. मोठं पातेलं कोणतं, ते पुढे कळेल.

पॅरिसच्या मातर्निते या प्रसूतिगृहातले डॉक्टर स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं. ते बनवणाऱ्या ओदिल मार्तँ यांच्याकडून त्यांनी बाळांसाठी तशीच पेटी करून घेतली आणि १८८० मध्ये ती वापरात आणली. दुहेरी भिंती, मध्ये भुसा आणि खाली गरम पाण्याची टाकी. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर आलं. केवळ ऊब देऊन इतका फरक पडला.

तार्निए यांचे शिष्य पिएर ब्यूदँ यांचं १९०० मध्ये ‘ल नूरिसाँ’ हे पुस्तक निघालं. त्यांनी एक वेगळीच गोष्ट टिपली होती. बाळापासून लांब ठेवलेल्या आईची बाळाबद्दलची ओढ ओसरते. म्हणून आईने बाळाजवळ राहावं, त्याला अंगावर पाजावं, असा त्यांचा आग्रह होता. पण पेटी जगभर गेली आणि हा आग्रह मागे पडला. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने तर न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या जत्रेसारख्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत पेट्यांमधल्या जिवंत बाळांचं प्रदर्शन भरवलं. लोक तिकीट काढून बाळं पाहत. त्या पैशांतून बाळांचा खर्च निघे आणि आईबापांकडून काही घेतलं जात नसे. कारण तेव्हा तिथल्या बहुतेक रुग्णालयांत अशा बाळांची सोयच नव्हती. पुढे रुग्णालयांनी हे काम अंगावर घेतलं, पण संसर्गाच्या भीतीने आईला काचेबाहेर उभं केलं.

गोष्टीचं पुढचं वळण कोलंबियाची राजधानी बोगोटा इथलं आहे. तिथल्या मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. एकाच पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत. एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. काही आया तर बाळ तिथेच सोडून जात. १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी आणि पुढच्या वर्षापासून डॉ. हेक्टर मार्तिनेझ यांनी वेगळा मार्ग धरला. बाळ जरा स्थिरावलं की ते उघडंच, डोक्याला टोपडं आणि कमरेला लंगोट इतकंच ठेवून, आईच्या छातीशी उभं बांधायचं, आईचंच दूध द्यायचं आणि लवकर घरी पाठवून नियमित तपासणीला बोलवायचं. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला नाव पडलं. आपलं मोठं पातेलं ते हेच! आई नुसतं पांघरूण नसते, ती ३७ अंशांचा चालता-बोलता उष्णतेचा साठा असते.

मृत्यू फारच कमी झाल्याचे आकडे बोगोटाहून येऊ लागले. १९८५ मध्ये व्हाइटलॉ आणि स्लीथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या आकड्यांवर बोट ठेवलं. आपल्याकडे काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच अडकवून दहावीचा निकाल शंभर टक्के लावतात ना, तसंच काहीसं इथे घडलं होतं. पहिल्या काही दिवसांच्या धोक्यातून वाचलेली बाळंच या हिशेबात धरलेली होती. सुरुवातीलाच गेलेली त्यात नव्हती. म्हणजे हेतू चांगला, कामही चांगलं, पण तुलना चुकीची.

मग तुलना नीट करायची ठरलं. १९९७ मध्ये नाताली शार्पाक आणि सहकाऱ्यांनी बोगोटातल्याच ७४६ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणतं बाळ कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही, पण कांगारू गटातल्या बाळांना रुग्णालयात कमी दिवस राहावं लागलं. पहिल्या दाव्याइतकं हे चमकदार नव्हतं, पण भरवशाचं होतं.

रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, त्या बाळाचं काय? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात, गडचिरोलीत शोधलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांना घरोघर जाऊन पाहिलं. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती, ते मिळाले शेकडा २.६ बाळांना. त्यानंतर पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ऊब टिकवायची, दूध ओढता येत नसेल तर आईचं दूध काढून पाजायला शिकवायचं, श्वास अडला तर पिशवी आणि मुखवट्याने हवा द्यायची. जंतुसंसर्गाच्या ठरलेल्या खुणांपैकी दोन एकदम दिसल्या तर बाळाला रुग्णालयात न्यायला सांगायचं, आणि आईबाप नेऊ शकत नसतील तर त्यांच्या संमतीने जंतुनाशक औषधाचं इंजेक्शन द्यायचं.

दहावीपर्यंत शिकलेल्या बाईने इंजेक्शन द्यावं का? शंका रास्त होती आणि तिला आकड्यांनीच उत्तर द्यायचं होतं. या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते तीन वर्षांत २५.५ झाले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते ५८ होते, ते ५९.६ झाले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांपैकी पूर्वी एक तृतीयांश दगावत, ते प्रमाण सुमारे एक दशांशावर आलं. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. या अभ्यासातली गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, ही मर्यादा विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. पण तुलनेची गावं जिथल्या तिथे राहिली, हेही दाखवावं.

याच धर्तीवर २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तीच्या नवजात गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल, तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झालं असेल, तर पहिल्या दिवसाची धरून सात. २०१९ मध्ये हरियाणातल्या ८,४०२ कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात घरीच कांगारू पद्धत शिकवलेल्या गटात नवजात मृत्यूंचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाने आणखी एक समजूत मोडली. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू शेकडा १५.७ ऐवजी १२ झाले. मात्र तिथे आई आणि बाळ दोघंही अतिदक्षता विभागातच होती.

हा तपशील महत्त्वाचा आहे. ‘घर चांगलं की रुग्णालय’ असा हा सामना नाही. फुप्फुसं कच्ची असलेल्या बाळाला यंत्राची गरज असते, आणि कूस तिथे पुरत नाही. घरी आणलेलं बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंगाला गार लागलं किंवा तापलं, श्वास घेताना छाती आत खेचली जाऊ लागली, तर तडक दवाखाना गाठायला हवा. गडचिरोलीतल्या झोपडीत जे बदललं, ते घर नव्हतं. घरात काय पाहायचं आणि ते दिसल्यावर काय करायचं, हे जाणणारं माणूस तिथे आलं होतं.

तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या घरी उद्या असं बाळ येईल. बाळाला धुरी देऊ नये, अंघोळीची घाई करू नये, गुटी किंवा मध चाटवू नये, आणि आई दमली तर बाबांनी किंवा आजीने बाळ छातीशी धरावं, एवढं तरी तिला सांगता यायला हवं. कारण विचारलं, तर दोन पेल्यांचा प्रयोग तिने केलेला असेलच.